व्रत कुणाचं, उपास कुणाला?

वर्षातून तीनदा आपल्याला शिक्षकांची हमखास आठवण होते. मे महिन्याच्या सुरुवातीला इथल्या शाळांमध्ये 'टीचर अॅप्रिसिएशन वीक' असतो. कुणी फुलं न्यायची, कुणी कॉफीचं गिफ्ट कार्ड द्यायचं, अशी ई-मेल सगळ्या पालकांना येते. जुलैच्या सुमारास गुरुपौर्णिमा येते आणि फोनवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर लोटतो. मग ५ सप्टेंबरला भारतातला शिक्षकदिन. हे तिन्ही प्रसंग मला मनापासून आवडतात. गुरूला देवाच्या पंक्तीला बसवणारी आपली संस्कृती आहे, याचा अभिमानही वाटतो.

पण गेली काही वर्षं एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या माणसाला आपण एवढा मान देतो, तो वर्गात टिकत का नाही? आणि तो सोडून गेल्यावर 'पूर्वीसारखे शिक्षक आता राहिले नाहीत' असं म्हणायचा हक्क आपल्याला उरतो का?

मी काही शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. व्यवसायानं आय.टी. कन्सल्टंट. एम.एस. करायला अमेरिकेत आलो आणि इथलाच झालो. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो, दोन्ही मुलं पब्लिक स्कूलमध्ये शिकतात. तेव्हा हा लेख म्हणजे एका पालकानं इतर पालकांशी मारलेल्या गप्पा समजा.

माणसं सोडून जाणं हा आमच्या धंद्यात रोजचा विषय आहे. आम्ही त्याला 'अॅट्रिशन' असं भारदस्त नाव दिलं आहे. प्रोजेक्टमधला जुना माणूस निघाला की दोन आठवडे 'नॉलेज ट्रान्स्फर' चालतं, कागदपत्रं तयार होतात, आणि तरीही पुढचे सहा महिने काम अडखळत राहतं. एखाद्या टीममधून दरवर्षीच माणसं जायला लागली, तर 'हल्लीच्या मुलांमध्ये निष्ठा नाही' एवढं बोलून कुठलाही शहाणा मॅनेजर थांबत नाही. पगार, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक, यांत कुठे पाणी मुरतंय ते तो शोधतो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण हा साधा विचार करायला कचरतो. कारण शिकवणं ही नोकरी नसून व्रत आहे, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. आणि व्रत म्हटलं की पगाराची गोष्ट काढणं वाईट दिसतं!

आमच्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर रेड रिव्हर ही नदी लागते. ती ओलांडली की ओक्लाहोमा राज्य. तिथल्या नॉर्मन गावच्या हायस्कूलमध्ये शॉन शीहान नावाचे शिक्षक गणित शिकवत. २०१६ साली राज्यानं त्यांना 'टीचर ऑफ द इयर' म्हणून गौरवलं. त्या राज्यात शिक्षकांच्या किमान वेतनश्रेणीत २००८ नंतर वाढच झाली नव्हती. शीहान नुसते कुरकुरत बसले नाहीत. त्यांनी २०१६ मध्ये राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवली, पण ते हरले. त्याच निवडणुकीत, शिक्षकांच्या पगारवाढीसाठी विक्रीकर एक टक्क्यानं वाढवायचा प्रस्ताव मतदारांपुढे होता. तोही मोठ्या फरकानं नापास झाला. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, राज्याचा हा सर्वोत्तम शिक्षक नदी ओलांडून टेक्सासमध्ये आला आणि डॅलसजवळच्या लुइसव्हिलमध्ये शिकवू लागला.

ते एकटे नव्हते. रिकाम्या जागा भरण्यासाठी ओक्लाहोमा राज्य पूर्ण पात्रता नसलेल्यांना 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देत असे. २०११-१२ या वर्षी अशी ३२ सर्टिफिकेटं दिली गेली होती. २०१७-१८ पर्यंत तो आकडा जवळजवळ २,००० वर गेला. खर्च भागेना म्हणून कित्येक ठिकाणी शाळा आठवड्यातून चारच दिवस भरू लागल्या. शेवटी २ एप्रिल २०१८ रोजी शिक्षक वर्गाबाहेर पडले ते थेट राज्याच्या विधिमंडळावर गेले. फाटकी पाठ्यपुस्तकं आणि मोडक्या खुर्च्यांचे फोटो त्या दिवसांत देशभर फिरले. हे होणार असं दिसल्यावर विधिमंडळानं आदल्याच आठवड्यात सरासरी ६,१०० डॉलरची वार्षिक पगारवाढ मंजूर केली होती. त्यासाठी कर वाढवणं भाग होतं, आणि करवाढीला तिथे तीन-चतुर्थांश मतं लागतात. सुमारे तीन दशकांत प्रथमच तेवढी मतं जमली.

आता या गोष्टीत आपण कुठे येतो? लुइसव्हिल, फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग ही आपल्या मराठी मंडळींची गावं. घर बघताना आपण आधी स्वयंपाकघर बघत नाही, 'स्कूल डिस्ट्रिक्ट' बघतो. त्यात गैर काहीच नाही. मुलाच्या शिक्षणासाठी आपल्या आई-वडिलांनीही पोटाला चिमटा काढला होता. पण आपण त्या घराची जास्त किंमत मोजतो तेव्हा नक्की काय विकत घेतो? इमारत? ती दुसरीकडेही बांधता येते. आपण विकत घेतो तो टिकून राहणारा शिक्षकवर्ग. आणि तो शिक्षकवर्ग आकाशातून पडत नाही. आपल्या मुलाला लाभलेल्या चांगल्या बाई किंवा सर कदाचित कुठल्या तरी दुसऱ्या वर्गातून उठून आलेल्या असतात. त्या वर्गातली मुलं मागे राहिलेली असतात.

मागे राहिलेल्या मुलांचं नुकसान किती होतं, हे आता मोजलं गेलं आहे. रॉनफेल्ट, लोब आणि वायकॉफ या तिघांचा न्यूयॉर्क शहराबद्दलचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांतल्या चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या साडेआठ लाखांहून अधिक नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या इयत्तेतले शिक्षक जास्त सोडून जातात, तिथल्या मुलांचे इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांतले गुण घसरतात, आणि मुळात मागे असलेल्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना हा फटका जास्त बसतो, असं त्यांना आढळलं. त्यांचा आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. तोटा केवळ 'चांगला गेला, कच्चा आला' एवढ्यानंच होत नाही. माणसं सतत बदलत राहिली की शाळेची घडीच विस्कटते आणि त्याचा परिणाम वेगळा होतो.

हे वाचलं तेव्हा मला आमचे गणिताचे सर आठवले. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत ते अठ्ठावीस वर्षं होते. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलं, धाकट्या काकालाही. गुऱ्हाळं सुरू झाली की मागच्या बाकांवरची निम्मी मुलं शाळेतून गायब होतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अवघड धडे ते दिवाळीच्या आधीच उरकत. कुणाच्या घरी वीज नाही, कुणाचा बाप रागीट आहे, कुणाला वर्गासमोर विचारलं तर तोंड उघडत नाही पण व्हरांड्यात विचारलं तर सगळं येतं, हे त्यांना पाठ होतं. आता सांगा, या ज्ञानाचं 'नॉलेज ट्रान्स्फर' कसं करणार? सर गेले असते तर ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं असतं.

सर गेले नाहीत. का गेले नाहीत? ते ध्येयवादी होते, हे खरंच. पण आमची शाळा शंभर टक्के अनुदानित होती, हेही तितकंच खरं. पगार सरकारकडून, वेतनश्रेणीप्रमाणे यायचा. निवृत्तीनंतर पेन्शन होतं. त्यावर त्यांनी गावातच तीन खोल्यांचं घर बांधलं, मुलींची लग्नं केली. त्यांच्या व्रताला पगाराची भिंत होती; त्या भिंतीला टेकून ते अठ्ठावीस वर्षं ताठ उभे राहिले. आपण त्यांच्या पिढीची आठवण काढताना व्रताचे गोडवे गातो आणि भिंत विसरून जातो.

ती भिंत पुढे आपल्याच राज्यात पडत गेली. २००० साली महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' योजना आली. नवीन शिक्षकानं पहिली तीन वर्षं पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर काम करायचं: प्राथमिकला दरमहा ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००, उच्च माध्यमिकला ५,०००. पुढे ही रक्कम वाढली. २०२३ पासून ती अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाली. शब्द बघा: शिक्षक नव्हे, 'सेवक', वेतन नव्हे, 'मानधन'. नावात मानही आहे आणि धनही आहे!

त्याहून बिकट अवस्था विनाअनुदानित शाळांची. २००१ नंतर नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी मिळू लागली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द निघाला, पण प्रत्यक्ष अनुदान टप्प्याटप्प्यानं आणि वर्षानुवर्षं रखडत आलं. माझी मामेबहीण बी.एड. होऊन अशाच एका शाळेत लागली. सात वर्षं तिनं शिकवलं. महिन्याला हातात पडायचे ते पैसे बस आणि रिक्षाला पुरायचे. संध्याकाळी ती शिकवण्या घ्यायची, रात्री शिवणकाम करायची. शेवटी एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी धरली. निरोपाच्या कार्यक्रमात संस्थेच्या अध्यक्षांनी शाल-श्रीफळ देऊन 'शिक्षण हे व्रत आहे' या विषयावर अर्धा तास भाषण केलं. ताई मला फोनवर म्हणाली, "अरे, व्रत मी केलं, पण उपास माझ्या पोरांना घडला."

त्या एका वाक्यात या लेखाचा सगळा मुद्दा आला आहे. त्याग ही मोठी गोष्ट आहे, पण ती ज्याची त्यानं करायची असते. ज्याला त्या त्यागाचा फायदा होतो, त्यानं तो मागायचा नसतो. मी स्वतः उपास केला तर ते व्रत. मी दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याला व्रत म्हटलं, तर ती निव्वळ काटकसर आहे, आणि तीही दुसऱ्याच्या ताटातली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पैशासाठी शिकवणारा शिक्षक चांगला कसा असेल? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. आपल्या सर्वांत नामवंत गुरूंपैकी एकाचं उदाहरण घेऊ. द्रोणाचार्यांच्या घरी इतकी गरिबी होती की दूध समजून छोट्या अश्वत्थाम्यानं पाण्यात कालवलेलं पीठ प्यायलं, ही महाभारतातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. द्रोण बालमित्र द्रुपदाकडे गेले, तिथे अपमान झाला. मग ते हस्तिनापूरला आले, आणि भीष्मांनी त्यांना राजपुत्रांचे गुरू नेमलं. म्हणजे त्या काळातला सर्वांत मोठा धनुर्विद्येचा शिक्षक अखेर जिथे संसार चालेल तिथे गेला. त्यांची विद्या त्यामुळे कमी झाली नाही. पण ती कुणाला मिळणार, हे त्यामुळे ठरलं. राजवाड्यातल्या मुलांना मिळाली, एकलव्याला मिळाली नाही. शिक्षकाची परवड ही त्याच्या एकट्याची राहत नाही. त्याचे विद्यार्थी कोण असणार, हेही तीच ठरवते.

याची उलट बाजूही आमच्या डॅलसमध्येच पाहायला मिळाली. डॅलस स्कूल डिस्ट्रिक्टनं २०१५-१६ पासून 'एस' नावाचा एक कार्यक्रम राबवला. ज्यांचं काम उत्तम ठरलं आहे अशा शिक्षकांनी सगळ्यांत मागे पडलेल्या शाळांत जावं, त्यासाठी त्यांना पगारावर मोठी जादा रक्कम द्यायची. हनुशेक, रिव्हकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. या शाळांमधल्या मुलांची प्रगती चटकन वाढली आणि ती जवळजवळ डिस्ट्रिक्टच्या सरासरीला पोचली. पुढे ही जादा रक्कम बव्हंशी बंद झाली, तेव्हा उत्तम शिक्षकांपैकी बरेचसे निघून गेले आणि मुलांचे गुण पुन्हा घसरले. त्या शिक्षकांचं मुलांवर प्रेम नव्हतं का? असणारच. पण प्रेम असलेल्या माणसालाही घराचा हप्ता भरावा लागतो.

इथे एक खुलासा करायला हवा. प्रश्न फक्त पगाराचा नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड इंगरसॉल पूर्वी स्वतः शाळेत शिकवत. २००१ साली त्यांनी दाखवून दिलं की शिक्षकांची टंचाई ही मुख्यतः नवे शिक्षक तयार होत नाहीत म्हणून नसते, तर असलेले निवृत्तीच्या बरंच आधी सोडून जातात म्हणून असते. घागर फुटकी असताना नळ मोठा करून काय उपयोग? सोडून जाण्याची जी कारणं शिक्षकांनी दिली, त्यांत कमी पगाराबरोबरच वरिष्ठांचा पाठिंबा नसणं, मुलांच्या शिस्तीचे प्रश्न आणि शाळेच्या निर्णयांत आपलं कुणी न ऐकणं, हीही होती. वर्गात मुलं किती हेही महत्त्वाचं. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या 'स्टार' प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या छोट्या वर्गांतली मुलं २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा सरस ठरली. भारतात तर शिक्षणहक्क कायद्यानंच जनगणना, निवडणुका आणि आपत्तीच्या वेळची कामं शिक्षकाच्या गळ्यात घालायची मुभा ठेवली आहे. मतदारयाद्या घेऊन उन्हात दारोदार फिरणारे गुरुजी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या दिवशी वर्ग कोण घेतं?

इथल्या अमेरिकेतली एक छोटी गोष्ट तर मला फारच बोलकी वाटते. शिक्षक वर्गासाठी पेन्सिली, कागद, पुस्तकं स्वतःच्या खिशातून आणतात, हे इतकं सर्वमान्य आहे की केंद्र सरकारनं २००२ पासून त्यासाठी करात २५० डॉलरपर्यंत वजावट दिली. २०२२ पासून ती ३०० डॉलर झाली. म्हणजे शाळेनं द्यायच्या वस्तू शिक्षकच आणणार, हे कायद्यानंही गृहीत धरलं! एवढ्या वर्षांच्या कन्सल्टिंगमध्ये क्लायंटसाठी सर्व्हर मी पदरच्या पैशानं आणावा, असं मला अजून कुणी सुचवलेलं नाही. आणि इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशेबानुसार २०२३ साली तेवढ्याच शिकलेल्या इतर पदवीधरांपेक्षा पब्लिक स्कूलच्या शिक्षकाचा आठवड्याचा पगार २६ टक्क्यांहून अधिक कमी होता. १९९६ मध्ये ही तफावत सुमारे ६ टक्के होती.

टेक्सासमध्ये सरकारी शिक्षकांना संप करायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे आमच्या मुलांच्या शिक्षकांकडे निषेधाचा एकच मार्ग उरतो, निघून जायचा. तो निषेध शांत असतो, त्याचे फलक नसतात, टीव्हीवर बातमी येत नाही. ऑगस्टमध्ये शाळा उघडते तेव्हा दारावरचं नाव बदललेलं असतं, एवढंच.

आपल्याकडे हा सगळा विचार फार पूर्वी एका माणसानं स्वच्छ मांडला होता. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. खेड्यापाड्यांतल्या शूद्रातिशूद्रांच्या मुलांपर्यंत प्राथमिक शिक्षण पोचावं, ही त्यांची तळमळ सर्वांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकांच्या तुटपुंज्या पगाराबद्दल तक्रार केली आणि चक्क आकडेही दिले: शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नकोत, मोठ्या गावांत १५ ते २० तरी हवेत. फुले आणि सावित्रीबाई यांच्याइतका त्याग कुणी केला असेल? अंगावर शेण झेलून शिकवलेली ती माणसं. तरीही दुसऱ्या शिक्षकांची गोष्ट आली तेव्हा जोतीरावांनी त्यांच्याकडे त्याग मागितला नाही, त्यांच्यासाठी पगार मागितला. स्वतःपुरतं व्रत आणि दुसऱ्यासाठी वेतन, हा विवेक आपण त्यांच्याकडून शिकायला हवा.

मग आपण करायचं काय? मोठमोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. आपल्यापैकी जे नागरिक झाले आहेत, त्यांच्या हातात स्कूल बोर्डाचं मत आहे. या निवडणुकांना फारच थोडे लोक जातात, त्यामुळे एकेका मताला वजन असतं. ज्यांना मत नाही त्यांनाही बोर्डाच्या जाहीर सभेत दोन-तीन मिनिटं बोलता येतं. तिथे पोहण्याच्या तलावाबद्दल जरूर बोलावं, पण गेल्या वर्षी किती शिक्षक गेले आणि का गेले, हेही विचारावं. मतपत्रिकेवर शिक्षकांच्या पगाराचा प्रस्ताव येतो तेव्हा 'आमची मुलं तर कॉलेजात गेली' हा हिशेब करू नये. आणि राज्याचं अनुदान आपल्यापेक्षा गरीब डिस्ट्रिक्टला जास्त मिळावं असं कुणी म्हणालं, तर तो आपल्या खिशावर घाला समजू नये. तिथून निघालेलेच शिक्षक आपल्या मुलांना शिकवत असतात.

एक गोष्ट अगदी घरातली. गावोगावच्या मंडळांच्या मराठी शाळा स्वयंसेवक शिक्षक चालवतात. रविवारची सकाळ देतात, पुस्तकं जमवतात, गाणी बसवतात. हे खरं व्रत, कारण ते त्यांनी आपणहून घेतलं आहे. पण म्हणूनच ते महाग करून ठेवायचं नसतं. खुर्च्याही त्यांनीच लावायच्या, झेरॉक्सही त्यांनीच काढायची, आणि मूल न्यायला आपण वीस मिनिटं उशिरा गेलो तर थांबायचंही त्यांनीच, असं चाललं तर दोन वर्षांत ती माणसं थकतात. मग आपण म्हणतो, मराठी शाळेला शिक्षक मिळत नाहीत! प्रत्येक वर्गामागे दोन पालकांनी ही कामं उचलली, तर शिक्षकाला शिकवण्यापुरता रविवार उरेल. पगार देता येत नसेल, पण वेळ परत देता येतो.

गुरुपौर्णिमेला हात जरूर जोडावेत. मुलांनाही ते शिकवावं. फक्त नमस्कार करून झाल्यावर, समोरच्या माणसाचं घर चालतंय ना, त्याचा वर्ग त्याला झेपतोय ना, त्याचं म्हणणं शाळेत कुणी ऐकतंय ना, एवढी चौकशी करावी. पूर्वीच्या काळी शिष्य गुरूच्या घरी लाकडं फोडत, गाई राखत, शेताचा बांध घालत. गुरूचा संसार चालवणं हा विद्येच्या व्यवहाराचाच भाग होता. आपण नमस्कार तेवढा ठेवला आणि लाकडं फोडायचं सोडून दिलं.